जादूची गोष्ट मुलांच्या हाती येते तेव्हा ख्रिस्ती पालकांनी काय करावे

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे सुट्टीतले वाचन घरातच आणि पुष्कळ होते. अशा एखाद्या दुपारी चेटकिणी, मंतरलेल्या कांड्या आणि उडते झाडू असलेले जाडजूड पुस्तक मुलाच्या हातात दिसले, की आपल्या मंडळीतील काही पालक ते लगेच काढून घेतात आणि काही जण ‘मोबाईलपेक्षा बरे’ म्हणून सोडून देतात. रविवारच्या शाळेत शिकवताना मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत, आणि दोन्हीकडे पालकांनी ते पुस्तक उघडलेलेच नसते, हे मला सर्वांत अधिक खटकते. म्हणून पहिले काम हेच, की निदान पहिली तीन-चार प्रकरणे स्वतः वाचावीत.

वाचण्यापूर्वी पवित्र शास्त्र नेमके कशाला मनाई करते, हे पाहून ठेवावे. त्यातील अनुवाद या पुस्तकात (18:10-12) शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे, मृतांना विचारणे या कृत्यांचा निषेध आहे, आणि तो निःसंदिग्ध आहे. अशा पुस्तकांना विरोध करणारे लोक प्रेषितांची कृत्ये 19:19 कडेही बोट दाखवतात; तेथे इफिस येथील लोकांनी 50,000 रुप्याच्या नाण्यांच्या किमतीची पुस्तके जाळली. या विरोधकांची कळकळ मी हलक्याने घेत नाही. मात्र ती जादू करणाऱ्यांची पुस्तके होती आणि ज्यांची होती त्यांनीच ती आपखुशीने आणून जाळली, हे त्याच वचनात लिहिलेले आहे. याउलट फारोचे मांत्रिक, एन-दोरची भुताळीण, शोमरोनातील जादूगार शिमोन यांच्या गोष्टी आपण मुलांना शास्त्रातूनच सांगतो, आणि शास्ते 9 मध्ये तर गिदोनाचा मुलगा योथाम हा आपल्यासाठी राजा निवडायला निघालेल्या झाडांची गोष्ट सांगतो. झाडे बोलत नाहीत म्हणून त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

ख्रिस्ती लोकांमध्ये या प्रश्नावर एकमत नाही, हे मुलांना मोकळेपणाने सांगावे. ‘नार्निया’ची सात पुस्तके (1950 ते 1956) लिहिणारे सी. एस. लुईस हे अँग्लिकन ख्रिस्ती होते. त्यांच्या कथेत चेटकीण आहे, तरी ती पुस्तके अनेक ख्रिस्ती घरांत प्रेमाने वाचली जातात. 1997 पासून आलेल्या ‘हॅरी पॉटर’ला मात्र अनेक मंडळ्यांनी कडाडून विरोध केला. त्याच मालिकेच्या 2007 मधील शेवटच्या पुस्तकात थडग्यांवर कोरलेली दोन वाक्ये मत्तय 6:21 आणि 1 करिंथ 15:26 मधली आहेत. एवढ्यावरून ती पुस्तके निर्दोष ठरत नाहीत, पण न वाचता निकाल दिला तर काय काय नजरेतून सुटते, ते यावरून कळते.

वाचताना काही गोष्टींवर लक्ष ठेवावे. कथेतील शक्ती कोठून येते, ती वापरणाऱ्याला काही किंमत मोजावी लागते का, आणि वाईटाला शेवटपर्यंत वाईटच म्हटले जाते का, हे पाहावे. पुस्तक मुलाला पानाबाहेर काही करायला सांगत असेल, म्हणजे खरोखरचे मंत्र, मृतात्म्यांना बोलावणे, प्लँचेट असले काही शिकवत असेल, तर ते बंद करून कारण स्पष्ट सांगावे. ती मग नुसती गोष्ट उरत नाही. ते प्रत्यक्ष कृत्य बनते.

आपल्याकडे ‘जादू’ या शब्दामागे आणखी एक सावली आहे. मुले शेजारीपाजारी करणी-भानामतीच्या गोष्टी ऐकतात, चौकात उतरून टाकलेला लिंबू ओलांडायला घाबरतात. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, इतकी ती भीती खरी आहे. म्हणून गोष्टीतली जादू आणि माणसांना फसवणारा, छळणारा जादूटोणा यांतील फरक नावे घेऊन समजवावा. वर्गातला मित्र वेताळाच्या गोष्टी वाचत असेल, तर त्याला किंवा त्याच्या पुस्तकाला ‘सैतानाचे’ म्हणू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

ओळखीच्या एका घरातला प्रसंग सांगतो. रात्री वीज गेली तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीने कडुनिंबाची काडी तीन वेळा फिरवली, आणि नेमके त्याच क्षणी दिवे लागले. धाकटा भाऊ घाबरून रडू लागला. तिचा स्वतःचा चेहराही उतरला. आईने काडी हिसकावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोघांना कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपाशी नेले आणि रात्री कामावर आलेल्या वायरमनला, काय बिघडले होते ते मुलांना सांगायची विनंती केली. मग संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत तिने मुलीला विचारले, “मंत्र म्हटला की झालेच पाहिजे, असे पुस्तकात असते ना? मग आपली प्रार्थना तशी आहे का?” मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, “नाही, देवबाप्पा नाहीही म्हणू शकतो.”

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे. कांडी आणि झाडू मूल वयाबरोबर विसरते. पण नेमके शब्द उच्चारले की देवाला द्यावेच लागते, ही समजूत एकदा बसली की ती मोठेपणीही सुटत नाही, आणि जादूचे एकही पुस्तक न शिरलेल्या घरांतही ती मी पाहिली आहे. शिमोनाने प्रेषितांना पैसे देऊ करून शक्ती मागितली, ती याच समजुतीने (प्रेषितांची कृत्ये 8:18-20). तेव्हा पुस्तक संपल्यावर हा फरक मुलाशी आवर्जून बोलावा. हा एक संवाद झाला नाही, तर बाकीच्या सावधगिरीचा फारसा उपयोग नाही.

वयाचा नियम थोडक्यात असा. सहा-सात वर्षांपर्यंत मोठ्यांनी सोबत बसून वाचावे, आणि मूल रात्री दचकू लागले तर पुस्तक काही महिने कपाटात ठेवावे. दहा-बाराव्या वर्षी स्वतः वाचू द्यावे, मात्र काय वाचतो ते घरात सर्वांना ठाऊक असावे.

राहिला प्रश्न घरातील आजी-आजोबांचा किंवा पाळकांचा, ज्यांना हे वाचन मुळीच पसंत नसते. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय अशाच मतभेदांसाठी आहे. आजीला त्रास होत असेल तर तिच्यासमोर ते पुस्तक काढू नये. परंतु तिच्यापासून लपवायलाही मुलाला शिकवू नये. आपण मुलाला काय वाचू देतो आणि का, ते स्वतः जाऊन तिला सांगावे, आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.