घरच्या मैफलीत शोपँ वाजवताय? मग या चुका टाळा

दिवाणखान्यात पंचवीस माणसं, पहिली खुर्ची पियानोपासून चार फुटांवर, आणि वाजवणारा असा तुटून पडलाय जणू समोर हजार लोकांचं थिएटर आहे. हे इतक्या वेळा बघितलंय की आता लिहूनच टाकते.

पोलंडचा पियानोवादक-संगीतकार शोपँ १८३१ मध्ये पॅरिसला आला, पण अख्ख्या आयुष्यात त्याने जाहीर कार्यक्रम केले ते तीसच्या आसपास. बाकी वाजवणं सलाँमध्ये, म्हणजे बड्या लोकांच्या दिवाणखान्यात, ओळखीच्या माणसांपुढे. त्याचा आवडता प्लेयेल कंपनीचा पियानो आजच्या ग्रँड पियानोपेक्षा हलका, तारांवर ताण कमी, तारांवर आपटणारे हॅमर छोटे. म्हणजे नोटेशनमध्ये फोर्टे, म्हणजे 'मोठ्याने', दिसलं तर ते त्या पियानोचं फोर्टे आहे हो, आपल्या ग्रँडचं नाही! मी झाकण छोट्या काठीवर ठेवते, खोली लहान असेल तर बंदच.

सगळ्यात जास्त वाट लागते ती उजव्या पेडलमुळे, जे दाबलं की बोट उचलल्यावरही सूर वाजत राहतात. माझ्याकडे एक कॉलेजातला मुलगा शिकायचा, हात गोड, पण घाई फार. घरी डिजिटल पियानो, त्याचं पेडल म्हणजे स्विच, दाबलं की चालू, सोडलं की बंद. बसवलं होतं शोपँच्या ओपस ९ मधलं दुसरं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना), ई फ्लॅट मेजर, सगळ्यांना तेच हवं असतं. म्हटलं आठवडाभर आधी ये, खऱ्या पियानोवर पाय बसव. आला नाही, थेट कार्यक्रमाच्या संध्याकाळी आला, कडक तळव्याचे बूट घालून, आणि खोलीत सगळीकडे टाइल्स, पडदा एक नाही. दर बेसला पाय पूर्ण उचलून परत दाबायचा, धप्, धप्, धप्. पुढच्या खुर्चीतल्या काकू त्याच्या हाताकडे नाही, बुटाकडे बघत होत्या. शेवटी जिथे सेंझा तेंपो, म्हणजे ठेक्याच्या बंधनाविना, असं लिहिलंय, ती बारीक सुरांची लड, तिथे पेडल तळापर्यंत दाबून ठेवलं आणि सगळे सूर एकमेकांत कालवले गेले. नंतर म्हणाला पियानोच खराब आहे. पियानो उत्तम होता, दुपारी मी स्वतः तासभर वाजवला होता.

माझी सवय सांगते. टाच जमिनीवर, पंजा पेडलवरून उचलायचाच नाही, आणि पिशवीत पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट कायम. करंगळीने खालचा बेस वाजवायचा, धरून ठेवायचा, तेवढ्यात पेडल सोडून परत दाबायचं, मगच हात वरच्या कॉर्ड्सकडे न्यायचा. करंगळी आधी सुटली तर बेस गेला आणि पाय उशिरा उठला तर मागची हार्मनी चिकटून आली. दोन दिवस फक्त डावा हात आणि पाय, उजव्या हाताला हातच लावू देत नाही. लोकांना कंटाळा येतो, येऊ दे, याला शॉर्टकट नाहीये.

दुसरं म्हणजे रुबाटो, म्हणजे लय थोडी मागेपुढे खेचणं. रोमँटिक आहे म्हणून प्रत्येक बारच्या शेवटी दोन्ही हात थांबतात, उसासा टाकतात, परत चालू. ऐकणाऱ्याला बोटीत बसल्यासारखं होतं. अहो, शोपँच्या पियानोवर शिकवताना मेट्रोनोम, ठेका देणारं यंत्र, असायचा, आणि डावा हात हा संचालक, तो डळमळायचा नाही, असं तो शिष्यांना सांगायचा. आपल्याला खरंतर हे लवकर कळायला हवं, ठेका सरळ चालू असतो, गायक त्यावर मागेपुढे होतो आणि समेवर बरोबर येतो. मी डावा हात वाजवते, शिकणाऱ्याला उजव्या हाताची चाल तोंडाने गायला लावते, लाजले तरी. जिथे त्यांना श्वास घ्यावा लागतो तिथेच थोडा वेळ घ्यायचा, बाकी कुठे नाही.

डावं पेडल म्हणजे आवाज कमी करायचं बटण नव्हे, त्याने सुराचा रंग बदलतो. आवाज हळू हवा तर तो बोटानेच काढायचा.

ट्यूनर आठवड्यापूर्वी येऊन गेलाय हे मुंबईच्या पावसाळ्यात चालत नाही, त्याच दिवशी बोलवा आणि एसी संध्याकाळी जसा असणार तसाच आधीपासून चालू ठेवा.

सलग तीन बॅलाड, म्हणजे त्याच्या लांबलचक नाट्यमय रचना, ठेवू नका, मध्ये एखादा मझुर्का, पोलिश नाचाच्या ठेक्यावरची छोटी रचना, घ्या.

आणि त्या नॉक्टर्नचे शेवटचे कॉर्ड अगदी हळू आवाजात आहेत, वाजवून झाल्या झाल्या पाय काढू नका. सावकाश उचला, कारण डॅम्पर, म्हणजे आवाज थांबवणारे नमदे, तारांवर टेकतानाची ती बारीक सळसळसुद्धा चार फुटांवर स्पष्ट ऐकू येते.