लुईस संरचना काढताना या चुका टाळा

लुईस संरचना म्हणजे रेणूतले बंध रेघांनी आणि बाकीचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती. अकरावीच्या वह्यांत माझी लाल शाई सगळ्यात जास्त जाते ती एकाच कारणापायी: संयुजा इलेक्ट्रॉन (अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातले) न मोजताच ठिपके द्यायला घेतलेले असतात. कार्बन डायऑक्साइड घ्या. मध्ये कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, एकेक रेघ, आणि मग प्रत्येकाचं अष्टक (भोवतीचे आठ इलेक्ट्रॉन) भरेपर्यंत ठिपकेच ठिपके. आकृती दिसते छान, पण मोजले की 20 इलेक्ट्रॉन भरतात. हवे होते कार्बनचे 4 आणि ऑक्सिजनचे प्रत्येकी 6, म्हणजे 4 + 6 + 6 = 16. वरचे चार आले कुठून? मी कागदाच्या कोपऱ्यात आधी बेरीज लिहून तिला चौकट करतो आणि आकृती झाली की रेघेचे दोन, ठिपक्याचा एक असं परत मोजतो. इलेक्ट्रॉन जास्त भरले, तर ठिपके काढायचे आणि बंध वाढवायचे. दोन दुहेरी बंध दिले की 16 मध्ये सगळं बसतं.

दुसरी चूक आयनांची, म्हणजे प्रभार असलेल्या कणांची. वजा चिन्ह दिसलं की मुलं इलेक्ट्रॉन वजा करतात; खरं तर ऋण प्रभाराला ते मिळवायचे असतात. एका मुलाने कार्बोनेटचे (एक कार्बन, तीन ऑक्सिजन, प्रभार −2) 24 ऐवजी 20 धरले आणि वर पाठ केलेलं सूत्र लावलं: अष्टकांसाठी लागणारे वजा हातातले, भागिले दोन. 32 − 20 = 12, म्हणजे 6 बंध. कार्बनला तिन्ही बाजूंनी दुहेरी बंध! विचारलं तर म्हणाला, "सर, सूत्राने सहाच येतात." कार्बनला चार बंध हे त्याला नववीपासून माहीत होतं, तरी सूत्रापुढे ते आठवलं नाही. म्हणून मला हे शॉर्टकट पहिल्याच आठवड्यात शिकवलेले अजिबात पटत नाहीत. हेच सूत्र बोरॉन ट्रायफ्लोराइडला 4 बंध देतं. तिथे आपण तीन एकेरी बंध काढतो आणि बोरॉन सहा इलेक्ट्रॉनांवर थांबतो. नायट्रिक ऑक्साइडला तर अडीच बंध येतात. आधी वीसेक रेणू हाताने काढा, मग सूत्राला हात लावा.

हायड्रोजन कधीच मध्ये ठेवू नका.

अमोनियातल्या नायट्रोजनवरची एकाकी जोडी (बंधात न गेलेले दोन इलेक्ट्रॉन) विसरलात, तर पुढे रेणूचा आकारही चुकतो.

आयनाला चौकोनी कंस आणि बाहेर प्रभार हवाच. नुसती आकृती काढली तर मी गुण कापतो.