वाकळीचे चौकोन लहानमोठे झाले? कात्री आधी बाजूला ठेवा

आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी मिळून तुकड्यातुकड्यांची वाकळ करायचं ठरवलं, प्रत्येकीने घरून साडेबारा इंचाचे ५ चौकोन शिवून आणायचे, आणि संक्रांतीच्या आधी ३० चौकोन ओसरीत मांडले तर काय मायबाई, कोणाचा साडेबारा इंच, कोणाचा १२, एकीचा तर एका अंगाने साडेबारा अन दुसऱ्या अंगाने पावणेबारा. मी घाईत शहाणपणा केला, सगळ्यात लहान चौकोनाच्या मापाने बाकीचे सरसकट कापले. चांदण्यांचं डिझाइन होतं, चांदण्यांची टोकंच उडाली.

तर पहिले इस्त्री घ्या. उलट्या बाजूने शिलाई नखाने नीट पाडा, तिथे कापडाची घडी दडून बसते अन चौकोन उगाच लहान भरते. इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही, घासली की उरेब म्हणजे तिरपा कापलेला तुकडा ताणते आणि मग नवाच झोल. आमच्या ढिगातले सात-आठ तर इथेच सुधरले असते.

मग माप. फक्त कडेला नाही, मधूनही टेप लावा, आणि घरात मिस्त्रीकाम करणारं कोणी असलं तर त्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, मागून कोपरे पाहा. लहान, बरोबर, मोठे असे तीन ढीग करा.

आता चूक होते कुठं? दाबात, म्हणजे शिलाईच्या पलीकडे कडेला जे कापड सोडतो त्यात. समजा साडेचार इंचाचे ३ तुकडे एका ओळीत जोडायचे, दाब पाव इंच म्हणजे २ सूत, तर ओळ साडेबारा भरते. पण कोणी २ ऐवजी ३ सूत दाब घेतला तर एका शिलाईत दोन्हीकडून मिळून २ सूत जास्तीचे गेले, दोन शिलायात ४, म्हणजे अर्धा इंच गायब! कापणारीने बरोबर कापलं, शिवणारीनेही सरळच शिवलं, तरी चौकोन १२ चाच. असा निघाला तर उसवा अन परत शिवा, कंटाळा येते पण टोकं वाचतात.

फरक २ सूताचाच असला तर काही उसवू नका, मोठा चौकोन खाली अन लहान वर ठेवा, आधी दोन्ही टोकं जुळवून टाचण्या लावा, मग मध्ये, मग उरलेल्या जागी, आणि सावकाश शिवा. मशीनचे दात खालचं कापड ओढून घेतात त्यामुळे जास्तीचं कापड चुणी न पडता आत मुरते. सुती कापडात हे जमते, सिंथेटिक साडीचे तुकडे असले तर सरकतात, तिथे हातानेच कच्चा टाका घालून घ्या.

फरक त्याहून मोठा आहे किंवा उसवायचा जीव नाही, तर पट्टी. सगळ्याच चौकोनांना चारी बाजूंनी २ इंचाची पट्टी जोडायची, फक्त लहानांना नाही, नाहीतर ठिगळ दिसते. पाव इंच दाब धरला तर १२ चा चौकोन १५ होते, पावणेबाराचा पावणेपंधरा. मग जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साडेचौदा इंचाचा फर्मा कापा, चौकोनाच्या बरोब्बर मधात ठेवा, साबणाच्या झिजलेल्या तुकड्याने रेघ मारा आणि आता काढा कात्री. कमीजास्त जे काय आहे ते पट्टीत जाते, चांदणीला हात लागत नाही. पट्टी एकरंगी अन गडद घ्या, लुगड्याचा काठ भारी दिसते म्हणून लावाल तर त्याच्या रेघांनी वाकडेपणा लगेच उघडा पडते, वर काठ जाड असते ते वेगळंच.

जोडल्यावर कुठं जरा फुगा राहिला तर राहू द्या, अस्तर लावून धावदोरा घालताना तिथे टाके जवळजवळ घ्या, बसून जाते. आणि तो एका अंगाने साडेबारा अन दुसऱ्या अंगाने पावणेबारावाला चौकोन, त्याची सरळ उशी शिवा.