लोकोच्या मोटरपासून बोगीपर्यंतचं कपलिंग कसं निवडायचं

मॉडेल रेल्वेचं इंजिन (लोको) हळू चालवलं की झटके देतं, जोरात पळवलं की घरघरतं, आणि मग लोक आधी मोटरच बदलायला निघतात. थांबा जरा. बॉडी काढा, दोन्हीकडचे ड्राइव्ह शाफ्ट (मोटरचा फेरा पुढे नेणाऱ्या दांड्या) काढा आणि नुसती मोटर चालवून बघा. मोटर एकटी गुमान फिरत असेल तर घोळ कपलिंगमधे आहे नाहीतर पुढच्या गिअरमधे. (कपलिंग म्हणजे मोटरचा फेरा वर्मपर्यंत, म्हणजे चाकांचे गिअर फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरपर्यंत, नेणारा सांधा, डबे जोडायचा हुक नाही.)

नवीन घ्यायचं तर आधी माप. मोटरचा शाफ्ट आणि वर्मचा शाफ्ट दोन्ही व्हर्निअरने मोजा, सारखेच असतील असं धरून चालू नका. १.५, २ आणि २.४ मिमी ही मापं नेहमी भेटतात, एन स्केल या छोट्या मापाच्या मॉडेलमधे १ मिमी पण. २ चं प्लास्टिक कपलिंग २.४ वर ठोकून बसवलं तर त्या दिवशी छान बसतं, पण नंतर त्याला उभी चीर जाते, ती इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही, रिकामं इंजिन पळतं आणि मागे डबे लावले की मोटर गरगरते अन् चाकं जागच्या जागी. शाफ्टच बारीक असेल तर पितळी नळीचा तुकडा स्लीव्ह म्हणून घाला, नुसत्या गोंदावर भागवू नका.

आता प्रकार. बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) वळणारी असेल, म्हणजे बहुतेक डिझेल आणि इलेक्ट्रिक लोको, तर पिनवाला गोळा आणि खाचेचा कप असलेला युनिव्हर्सलच (कोनातही फेरा पुढे नेणारा जॉइंट) घ्या, कारण वळणावर बोगी फिरली की मोटर आणि वर्ममधलं अंतर बदलतं आणि पिन खाचेत पुढेमागे सरकायला जागा लागते. सिलिकॉन ट्यूब बरेच जण कुठेही लावतात, मला ती फक्त वाफेच्या इंजिनातल्या छोट्या, सरळ अंतरालाच पटते. तिथेही गिअरबॉक्स स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी अडवणारा टॉर्क आर्म हवाच, नाहीतर ट्यूब पीळ खाते आणि इंजिन निघताना उडी मारतं. साध्या लेटेक्स रबराच्या ट्यूबला पेट्रोलियम तेल लागू देऊ नका, ती फुगून मऊ पडते.

युनिव्हर्सल एकच असला आणि कोनात फिरला तर पुढचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे-मागे होतो. १० अंशाला हा फरक जेमतेम दीड टक्का, पण ३० अंशाला १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून जॉइंट दोन लागतात, दोन्हीकडचा कोन सारखा लागतो, आणि मधल्या दांडीच्या दोन्ही टोकांच्या पिना एकाच रेषेत लागतात. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून टोकाकडून बघा, मागची पिन पुढच्या पिनेआड लपली पाहिजे. तिरकी दिसली तर ती दांडी घेऊच नका.

बसवून झालं की बोगी दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, थोडी वर-खाली पण हलवा. एका टोकाला पिन खाचेतून निसटायला नको आणि दुसऱ्या टोकाला दांडी कपाच्या तळाला टेकायला नको, अर्धा-एक मिमी मोकळीक ठेवा. मग पुढे आणि मागे दोन्ही दिशांना चालवा. आवाज एकाच दिशेला येत असेल तर बहुतेक वेळा दांडी लांब असते आणि मोटरच्या शाफ्टला बेअरिंगवर ढकलत असते, ती थोडी घासून कमी करा.