घरात "काहीतरी आहे" असं वाटत असेल तर आधी हे करून बघा

मागच्या खोलीत जायला नको वाटतं, दिवेलागणीला छातीत धडधडतं, आणि मग कुणीतरी सांगतंच की बाहेरचं बघून घ्या. त्याआधी एक वही घ्या. आठवडाभर लिहा, भीती कुठे वाटली, किती वाजता, त्याच्या आधी कसला आवाज किंवा वास आला, आणि त्या जागी पूर्वी काय घडलं होतं. हा शेवटचा रकाना टाळू नका, खूपदा उत्तर तिथंच असतं.

मेंदू वाईट प्रसंग जागेसकट साठवतो. ज्या खोलीत आजीचं शेवटचं दुखणं काढलं तिथं फिनाइलचा वास आला की डोक्यात विचार यायच्या आधीच अंगावर काटा येतो. ज्या घरात वडील पिऊन यायचे तिथं ते जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी रात्री कडी वाजली की पोटात गोळा येतो. हे नाटक नाही आणि भूतही नाही.

आणि आई म्हणाली की बाबा शेजारी बसल्यासारखे वाटतात, तर प्लीज "तुला भास होतायत" म्हणून गप्प करू नका. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरांनी 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 मध्ये अभ्यास छापला, त्यात जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जाणवला होता आणि बहुतेकांनी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. जवळ बसा, विचारा काय जाणवलं ते.

एक गोष्ट मात्र आजच तपासा, गॅस गिझर. 1921 मध्ये एका अमेरिकन डॉक्टरनी छापलेली केस आहे, घरात पावलं वाजायची, माणसं दिसायची, आणि निघाला काय तर घर गरम ठेवणाऱ्या भट्टीतून गळणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. गॅस गिझरमधूनही तोच येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. घरातल्या सगळ्यांचंच डोकं जड होत असेल, मळमळत असेल आणि बाहेर पडलं की बरं वाटत असेल तर गिझर बंद, सगळे बाहेर, आणि लगेच डॉक्टर.

आता ती खोली. कुलूप लावून ठेवू नका, बंद खोलीची भीती वाढतच जाते. आधी खुणा मोडा: कडी बदला, बिजागरीला तेल द्या, बेलचा आवाज बदला, आजारपणातली गादी आणि पडदे काढून टाका, पलंगाची दिशा फिरवा, जमलं तर भिंतींना नवा रंग द्या. गेलेल्या माणसाची एखादी आवडती वस्तू ठेवा, सगळं पुसायचं नाहीये. मग दिवसाउजेडी कुणाला तरी सोबत घेऊन आत बसा, मेथी निवडा, चहा प्या, काहीही साधं काम. धडधड वाढली की लगेच पळू नका, ती थोडी उतरली की मगच उठा, नाहीतर मेंदूला वाटतं पळालो म्हणून वाचलो. नंतर संध्याकाळी बसा, मग एकटे. घाई नको.

पण त्या घरात मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर हे एकट्यानं रेटू नका. तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि ज्याची भीती वाटते तो माणूस अजून घरातच असेल तर ती आठवण नाही, तो खरा धोका आहे. तिथं खोलीत बसायचे प्रयोग करायचेच नाहीत, बाईमाणसानं 181 या महिला हेल्पलाइनला फोन करायचा.

घराची शांत करून मनाला बरं वाटत असेल तर जरूर करा. पण कुणी भूत उतरवतो म्हणून माणसाला मारायला, बांधायला लागला तर तो 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, सरळ पोलिसात जा.