नव्या माणसाचं स्वागत: शब्द कसा निवडायचा

ग्रुपमध्ये नवा माणूस आला की पन्नास जण तेच ‘हार्दिक स्वागत’ चिकटवतात आणि त्या माणसाला आपण इथं कुणाचे, हे कळतच नाही. लिहिण्याआधी एवढं बघा:

१. तो कुठं आलाय? ऑफिसात किंवा शाळेत ‘रुजू झाले’. बचत गटात, भिशीत ‘सामील झाल्या’. समारंभाच्या पत्रिकेत ‘सहर्ष स्वागत’ शोभतं. तालमीच्या पोरांत मात्र ते परकं वाटतं. तिथं सरळ ‘आजपासून तू आपल्या तालमीचा’ म्हणा. कोल्हापुरात याहून मोठा मान नाही.

२. नाव घ्या, आणि लगेच एक काम किंवा वेळ सांगा: ‘वहिनी, या आपल्यात. रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावर चालायला भेटू, पदपथावरच.’ खरं स्वागत या दुसऱ्या वाक्यात असतं, म्हणून ते कधीच गाळू नका.

३. ‘सामावून घ्या’ हे जुन्या सभासदांना सांगायचं. नव्याला म्हटलं तर उपकार केल्यासारखं वाटतं.

एक जपा: ‘दाखल झाले’ म्हटलं की दवाखाना आठवतो, आणि ‘जाहीर प्रवेश’ म्हटलं की राजकीय पक्ष. घरगुती गटात दोन्ही टाळा.