रूबीत रेस्क्यूचं जाळं किती मोठं टाकायचं? या चुका टाळा

रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम चालताना उठलेली चूक पकडायला ‘रेस्क्यू’ लिहितात. कंट्रोल-सी दाबूनही स्क्रिप्ट थांबत नसेल, तर लूपमध्ये कुणीतरी ‘रेस्क्यू एक्सेप्शन’ लिहिलंय का ते आधी शोधा. रूबीत चुकीच्या प्रत्येक प्रकाराचा एक क्लास असतो आणि एक्सेप्शन हा क्लास त्या सगळ्यांचा मूळपुरुष. कंट्रोल-सीने येणारा इंटरप्ट, एक्झिटने उठणारा सिस्टमएक्झिट, नोमेमरीएरर, सगळे त्याच्याच कुळातले. एक्सेप्शन पकडलं की प्रोग्रॅम बंद करायची विनंतीही गिळली जाते आणि शेवटी प्रोग्रॅम सक्तीने मारणारा किल -९ हाणावा लागतो.

नुसतं ‘रेस्क्यू’ लिहिलं तर स्टँडर्डएरर आणि त्याची पिल्लावळ तेवढी पकडली जाते. म्हणून ते बिनधोक समजलं जातं. मला तेच जास्त फसवं वाटतं, कारण नोमेथडएररही नेमएररमार्फत स्टँडर्डएररचाच वंशज. एकदा जेसन (डेटा मजकुराच्या रूपात साठवायची पद्धत) फाइल वाचताना मी मेथडच्या नावात एक अक्षर चुकवलं. रेस्क्यूने मुकाट रिकामा हॅश (नाव-किंमत जोड्यांचा संच) दिला आणि मी दिवसभर फाइल तपासत बसलो. फाइल ठणठणीत होती! फक्त जेसनचा पार्सरएरर आणि फाइल न सापडल्याचा एर्नो::एनोएंट एवढेच पकडले असते, तर चूक ओळ क्रमांकासकट लगेच दिसली असती.

ओळीच्या शेवटी चिकटवलेल्या रेस्क्यूला तर क्लास सांगायची सोयच नाही. त्यापेक्षा, मजकुरातून आकडा वाचायचा असेल तर रूबी २.६ पासून ‘इंटिजर’ला ‘एक्सेप्शन: फॉल्स’ देता येतं, चुकीच्या मजकुराला निल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतो.

जाळं क्लासमुळेच मोठं होतं असं नाही, बिगिनमध्ये, म्हणजे रेस्क्यू ज्यावर पहारा देतो त्या भागात, वीस ओळी कोंबल्या तरी होतं. नेटवर्क कॉलची एकच ओळ आत ठेवा, उत्तरावरची प्रक्रिया ‘एल्स’मध्ये, म्हणजे चूक न आल्यास चालणाऱ्या भागात, न्या. तिथली चूक वरच्या रेस्क्यूत अडकत नाही. आणि स्टँडर्डएरर वर, टाइमआउट खाली असा क्रम लावलात तर खालच्याची पाळी कधीच येणार नाही.

मोठं जाळं शोभतं ते सगळ्यात बाहेरच्या थरात. एक जॉब पडला म्हणून पूर्ण वर्कर (एकामागून एक जॉब उरकणारा प्रोग्रॅम) मरू नये, तर तिथे स्टँडर्डएरर पकडा, बॅकट्रेससकट (चूक कुठल्या ओळींतून आली त्या यादीसकट) लॉग करा, पुढचा जॉब घ्या. आतल्या थरात नुसतं नोंदवायचं असेल, तर नोंदवून झाल्यावर ‘रेझ’ एवढंच लिहा, मूळ चूक तशीच वर जाते.

इतकं करूनही वर्कर मरतोय? मग सबक्लासमध्ये लिहायची राहिलेली एखादी मेथड शोधा. बेसक्लासमधून येणारा नॉटइम्प्लिमेंटेडएरर स्क्रिप्टएररचा वंशज आहे. स्टँडर्डएररच्या जाळ्यात तो येतच नाही.